आधी होकार, मग उत्तर

डोंगरी, मुंबई
७ जुलै १९६३

नाना,

सुरैय्याचा सलाम. अन्वरीखालाचाही सलाम, तिच्याकडे माझं बरं चाललंय. ती म्हणते, दुबईला गेल्यापासून तुम्ही तिला साफ विसरलात.

पत्र तुमच्या नावाने आलेलं बघून तुम्ही चमकाल. दर महिन्याला मी लिहिते ते बाबांना, आणि बाबांना मराठी वाचता येत नाही म्हणून तुम्ही ते वाचून दाखवता. या वेळी काम तुमच्याशीच आहे. आमच्या कॉलेजच्या डिबेटिंग सोसायटीला यंदा पन्नास वर्षं होतात. डिसेंबरात मोठा समारंभ आहे. त्या काळातला एखादा विद्यार्थी हयात असेल तर त्याच्या आठवणी हव्या आहेत, असं आमचे सर वर्गात म्हणाले. मी लगेच उभी राहिले. म्हटलं, माझ्या आईचे चाचा एकोणीसशे पंधरा साली याच कॉलेजात होते, आणि नुसते हयात नाहीत, सत्तरीला टेकले तरी दुबईत एका कापडाच्या पेढीचा सगळा पत्रव्यवहार सांभाळतात. सर इतके खूश झाले की मी वर्गात उशिरा आले होते ते बोलायचं राहूनच गेलं.

तर नाना, सगळं लिहा. तुम्ही मुलं कशावर वाद घालत होता? मतं खरोखर मोजली जात का? होस्टेलात जेवायला काय असे? आणि त्या वेळी कॉलेजात मुली होत्या का, की नुसतीच त्यांच्याबद्दलची मतं होती? हे शेवटचं मला मुद्दाम हवंय. समारंभात पन्नास वर्षांपूर्वीचाच एक विषय पुन्हा घेणार आहेत, 'स्त्रियांना कॉलेजशिक्षणाची जरुरी नाही'. विरोधात बोलायला मला उभं केलंय.

आता घरातलं. गेल्या महिन्यात बाबांचं पत्र आलं. हे इंटरचं वर्ष झालं की कॉलेज पुरे, मे महिन्यात दोस्त अलीमियाँचाचांच्या रफिकशी निकाह, तयारीला लाग. शब्द बाबांचे, पण अक्षर तुमचं. नाना, तुमच्या त्या वळणदार अक्षराचं मी लहानपणापासून कौतुक करत आले. त्या दिवशी मला पहिला राग आला तो त्या अक्षराचा. इतकं वाईट इतक्या सुरेख अक्षरात कशाला लिहायचं?

मला बी.ए. पुरं करायचंय. दोन वर्षांचाच प्रश्न आहे. पण बाबांशी काय बोलणार? त्यांनी कॉलेजची पायरी कधी पाहिलेली नाही. त्यांना वाटतं मुलगी म्हणजे त्यांच्या लाँचवरचा माल, ठरल्या बंदरात वेळेवर उतरवला की काम झालं. आणि रफिकला मी एकदाच पाहिलंय, कुबराचाचीच्या भाचीच्या लग्नात. त्याच्याविषयी वाईट काही ऐकलेलं नाही, पण जेवणापेक्षा त्याचे कानच जास्त लक्षात राहिले. तुम्ही बाबांना हळूहळू समजवा ना. तुमचं ते ऐकतात.

तुमची
सुरैय्या

ता. क. कॉलेजबद्दलचा भाग सगळ्यांसमोर वाचलात तरी चालेल. त्यापुढचं फक्त तुमच्यासाठी आहे. बाबांना अजिबात कळता कामा नये.


बर दुबई
२ ऑगस्ट १९६३

बेटी सुरैय्या,

नानाची दुआ.

तुझी ता. क. मी वाचली. मोठ्याने, स्पष्ट उच्चारांत, खोलीभर माणसांसमोर. तुझा बाप यूनुस माझ्या समोरच बसला होता.

तू बी.ए.च्या उंबरठ्यावर आलीस, आणि कुठली सूचना आधी लिहावी हे तुला कुणी शिकवलं नाही, याचं मला नवल वाटतं. पण उरलेली निम्मी चूक माझी नाही, इथल्या रिवाजाची आहे. तो तुला ठाऊक असणं शक्य नाही. आम्ही सगळे रत्नागिरीकडचे लोक शुक्रवारी नमाजनंतर आमच्या खोलीत जमतो. आठवड्याची पत्रं तोवर पेढीवर पोचलेली असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांची मी वाचतो, आणि ज्यांना येतं तेही आपली माझ्याच हातात देतात, कारण एकाच्या गावची खबर ती सगळ्यांची खबर. नियम एकच, पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचायचं. पूर्वी इथं एक वाचणारा होता. त्याने एका गड्याची आई गेल्याची ओळ दयेपोटी गाळली. तो गडी त्यानंतर चार पत्रांतून आईला औषध विचारत राहिला. तेव्हापासून आधी चोरून वाचलेल्या पत्रावर इथं कुणाचा भरवसा नाही.

त्यातून पत्र माझ्या नावाचं, माझ्या कॉलेजबद्दल. मला वाटलं आज फुशारकी मारायला मिळणार. मी उशीला टेकून, चष्मा पुसून ऐटीत सुरुवात केली. 'आता घरातलं' इथं आलो तेव्हा माझी जीभ जरा अडखळली. लगेच यूनुस म्हणाला, "चाचा, थांबू नका. पोरगी बरी आहे ना?" त्याचा चेहरा असा झाला होता की थांबणं पाप झालं असतं. मग वाचलं. पायरीचं वाचलं, मालाचं वाचलं, कानांचंही वाचलं. रफिक दाराजवळ बसला होता. त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. मग तो उठला, स्टोव्ह पेटवला आणि सगळ्यांसाठी चहा केला. साखर दुप्पट पडली, तरी सगळ्यांनी कप रिकामे केले. त्याचा बाप अलीमियाँ छताकडे बघत होता.

यूनुस रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पत्र नीट ठेवा," आणि चपला घालून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी लाँच घेऊन उम्म अल कुवैनला गेला. एरवी तुझं पत्र आलं की त्याच संध्याकाळी तो जबाब सांगायला बसतो. मधे दोन शुक्रवार गेले. तो येतो, इतरांची पत्रं ऐकतो आणि जातो. खाडीवर नवा पूल झालाय, पण तुझा बाप लाँचवाल्यांच्या इमानाने त्यावर अजून पाय ठेवत नाही. इतका हट्टी माणूस, तो गप्प झाला की काय समजायचं?

मी त्याला समजावलं नाही आणि समजावणारही नाही. मी इथं सगळ्यांची पत्रं वाचतो आणि लिहितो. सांगतील ते लिहायचं, एक शब्द आपला घालायचा नाही. एकदा मी कुणाच्या बाजूला झुकलो की खलास, मग कुणी मला आपल्या घरची गोष्ट सांगणार नाही. तेव्हा माझ्या अक्षरावर राग काढू नकोस. ते भाड्याचं आहे.

आता तुझ्या सरांसाठी. आमच्या वेळी मुलगा कुठल्या मताचा हे त्याच्या डोक्यावरून ओळखत. पगडीवाले म्हणत, सरकारला अर्ज करावा. काळ्या टोपीवाले म्हणत, अर्ज फाडावा. आम्ही तीन-चार जण तुर्की टोपीवाले. लढाई सुरू झाली आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं, तेव्हापासून प्रिन्सिपॉलसाहेब आमच्या टोप्यांकडे जास्तच निरखून बघू लागले. बोडक्या डोक्याचा एकच होता. त्याचं मत कधीच कुणी विचारलं नाही. होस्टेलात जातवार चुली होत्या, आमच्या चुलीवर डाळ असे आणि तिच्यात डाळ सोडून सगळं सापडे. राजकारणावर बोलायची बंदी होती, म्हणून आम्ही 'चहा हे व्यसन आहे काय' असल्या विषयांवर भांडायचो, आणि चहाच्या आडून काय काय बोलून घ्यायचो. चहा व्यसन आहे असा ठराव झाला तेव्हा सगळ्यांच्या हातात कप होते.

पण सोसायटीची खरी ओळख म्हणजे तिचा एक नियम, तो सरांना जरूर सांग. आमचे तर्कशास्त्राचे प्रोफेसर फार खट होते. त्यांचं म्हणणं, उत्तर देण्याआधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडाने मांडायची. ती ऐकून त्याने मान डोलावली तरच पुढं बोलायचं. याला आम्ही 'होकार घेणं' म्हणत असू. होकार नाही मिळाला तर पुन्हा मांडायची. कित्येक शूरवीर होकार घेता घेताच घंटा होऊन खाली बसत.

तुझा तो स्त्रियांचा विषय निघाला तेव्हा मी विरोधात होतो, म्हणजे मुलींच्या बाजूने. सगळ्या कॉलेजात मुलगी एकच, मिस भरूचा. तिला सभेत बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. समोरच्या मुलाने माझी बाजू मांडली, 'शिकलेल्या आया मुलं चांगली घडवतात.' मी झटकन मान डोलावली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून मिस भरूचाने मान हलवली. नाही. प्रोफेसर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, बाजू जिची आहे होकार तिचा घ्या, तिच्या वकिलाचा नको. मग मला उभं केलं. मी म्हटलं, 'शिकलेली बायको नवऱ्याला शोभते.' पुन्हा नाही. 'शिकलेल्या स्त्रियांनी देशाचं नाव होतं.' पुन्हा नाही. घंटा झाली. आम्ही सपाटून हरलो.

सभा सुटल्यावर मी जिन्यात तिला गाठलं. विचारलं, बाई, मग तुमची बाजू आहे तरी काय? ती म्हणाली, "मला गणित आवडतं." एवढंच. यासाठी मी आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. पुढच्याच वर्षी माझे वडील वारले आणि मी बसऱ्याला नोकरीला गेलो. डिग्री राहिली, पण त्या बाईचा राग अजून शिल्लक आहे.

तुझा
नाना


डोंगरी, मुंबई
२५ ऑगस्ट १९६३

नाना, हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांसमोर वाचा. या वेळी सूचना वरच लिहिली आहे.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही, असं लिहिणार होते. पण खाला साक्षीला आहे, जेवले. मात्र घास घेताना दर वेळी डोळ्यांसमोर तुमची खोली यायची, आणि बाबा चपला घालताना दिसायचे.

रफिकभाई, कानांबद्दल मला माफ करा. लग्नातल्या गर्दीत माणसाचा नीट अंदाज येत नाही. चहा केलात हे वाचून मला जास्तच लाज वाटली.

बाबा, पायरीचं मी लिहायला नको होतं. रागात लिहिलं. तुम्ही ती पायरी पाहिली नाहीत म्हणून मी ती चढले, हे मला माहीत आहे. मालाचं लिहिलं तेही चुकलं. तुम्ही माझ्याशी कधी तसं वागला नाहीत. मला तुमची माफी हवी आहे, आणि ती मिळाली तरी पुढचं बोलायचं आहेच.

नानांनी कॉलेजचा नियम लिहिला, तो मी सरांना सांगितला. सर म्हणाले, हा नियम आपण या समारंभात पुन्हा चालू करू. मग माझ्या लक्षात आलं, की बाबांशी वाद घालताना मी त्यांचा होकार कधी घेतलाच नाही. त्यांची बाजू काय आहे ते मीच ठरवून टाकलं. म्हणून आता मांडते. बाबा, तुम्ही मान डोलावली की हलवली ते नाना मला लिहितील.

पहिलं. गावात लोक बोलतात, यूनुसची पोरगी मुंबईत मुलांबरोबर शिकते. तुम्ही इथं नाही, गावात मा एकटी, तिलाच सगळं ऐकावं लागतं. तुम्हाला ते बोलणं बंद करायचंय.

दुसरं. तुम्ही समुद्रावर काम करता. उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर मुलगी आपल्या डोळ्यांदेखत चांगल्या घरी पडलेली असावी, असं तुम्हाला वाटतं.

तिसरं. मुलगी जास्त शिकली तर तिच्या जोडीचा मुलगा आपल्या लोकांत सापडायचा नाही, ही भीती.

एवढं मला सुचलं. मला अजून उत्तर द्यायचं नाहीये. आधी होकार.

तुमची सगळ्यांची
सुरैय्या


बर दुबई
२० सप्टेंबर १९६३

बेटी,

नानाची दुआ. तुझी सूचना पहिल्याच ओळीत वाचून खोलीत हशा झाला, यूनुस सोडून सगळ्यांचा.

वाचायला लागलो. रफिकची माफी आली तेव्हा पोरगा इतका लाजला की त्याचे कान लाल झाले, आणि मग सगळे त्यांच्याचकडे बघत बसले. माझा इलाज नव्हता. पायरीचं आलं तेव्हा यूनुसने हाताने खूण केली, पुढे वाचा. मी म्हटलं, माफी केली का ते लिहायचं आहे. तो म्हणाला, "बापाकडे ही काय मागायची गोष्ट आहे?" तर तो जबाब समज.

मग तुझे तीन मुद्दे. पहिल्यावर त्याने मान हलवली. नाही. म्हणाला, लोकांचं ऐकायचं असतं तर मुंबईला पाठवली असती कशाला. दुसऱ्यावर जरा विचार केला, अर्धी डोलावली आणि मग तीही हलवली. म्हणाला, बरंवाईट झालं तर तिची मा आहे, ती माझ्यापेक्षा खमकी आहे. तिसऱ्यावर अलीमियाँच मधे बोलला, की जोडीचा मुलगा नाही म्हणजे काय, हा बसलाय की. यूनुसने त्यालाही मान हलवूनच जबाब दिला.

अगं, तुझा अगदी माझ्यासारखा बोजवारा उडाला. तीनदा उभी राहिलीस आणि तीनदा नाही. मला त्या जिन्याची आठवण झाली. म्हणून मी लेखनिकाचं काम बाजूला ठेवलं आणि एकदाच विचारलं, "मग यूनुस, तुझी बाजू आहे तरी काय?"

त्याने शाईची दौत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, लिहा. पुढचं जसंच्या तसं आहे.

"कॉलेजशी माझं भांडण नाही. अलीमियाँचं घर इथं आहे, बायकामाणसं घरात आहेत. रफिकची बायको म्हणून ती आली तर इथंच राहील. लाँच रोज इथंच लागते. कामावरून येताना दारात उभा राहीन, पाणी मागेन, तिला बघेन, जाईन. आठ वर्षांची सोडून आलो. दोन-तीन वर्षांनी महिनाभर घरी जातो. दर खेपेला दुसरीच मुलगी दार उघडते, आणि तिची ओळख पटेपर्यंत परत निघायची वेळ होते. एकटी मुलगी इथं कशी येणार? लग्न झालं तरच येईल. म्हणून म्हटलं निकाह. खलास."

खोलीतल्या प्रत्येकाची कुणी ना कुणी तिकडे गावाला आहेच. या वेळी चहा अलीमियाँने केला.

मी एवढी वर्षं त्याची पत्रं लिहितो, सुरैय्या. 'तब्येत जप, अभ्यास कर, माला मदत कर' याच्या पलीकडे त्याने कधी काही सांगितलं नाही आणि मीही लिहिलं नाही. तुझ्या माला दर वेळी वाटायचं, इकडं सगळं बरं चाललंय.

जाताना तो म्हणाला, की नियम दोन्हीकडून असेल ना? मी म्हटलं, हो, आता तुझी पाळी. तुला सुरैय्याची बाजू मांडायला लागेल. तो म्हणाला, विचार करून सांगतो. सध्या शारजा आणि उम्म अल कुवैनच्या खेपा चालू आहेत. इंजिनाच्या खोलीत त्याला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो.

नाना


बर दुबई
११ ऑक्टोबर १९६३

सुरैय्या बेटी,

बाबाची दुआ. मी सांगतो, चाचा लिहितात. शब्द बदलू नका असं मी त्यांना म्हटलंय. ते रागावले, म्हणतात मी कधी बदलतो?

तुझी बाजू. पहिलं. मी आधी समजत होतो, तुला मास्तरीण व्हायचंय म्हणून बी.ए. पाहिजे. चाचांनी त्यांच्या कॉलेजातल्या मिस भरूचाची, त्या गणितवाल्या पारशी बाईची गोष्ट सांगितली. मग लाँचवर बसून आठवलं. मला इंजिन आवडतं. आवाज जरा बदलला तर झोपेतसुद्धा कळतं. का आवडतं, तर सांगता यायचं नाही. तुला पुस्तकं अशीच आवडतात. पगारासाठी नाही, नावासाठी नाही. बरोबर?

दुसरं. तू मला अडाणी समजत नाहीस. पण तुला वाटतं, बाबांना सांगून काय उपयोग, ते हुकूमच सोडणार. कारण मी पत्रात फक्त हुकूमच लिहिले.

तिसरं. हे तू लिहिलेलं नाहीस. मी इकडे निघालो तेव्हा तू धक्क्यावर आली होतीस. तू रडली नाहीस. मी इथं सगळ्यांना सांगत आलो, माझी पोरगी धीट आहे, रडली नाही. आता वाटतं, तू मनात म्हणत असशील, बाबा गेले तेव्हा मला विचारलं नाही. आता जवळ बोलावतात, तेव्हाही विचारत नाहीत. जायचं त्यांनीच ठरवलं, मी यायचं तेही तेच ठरवतात. ते नव्हते तेव्हा मी माझं माझं जे उभं केलं, ते टाकून ये म्हणतात.

हे खरं की खोटं ते तू सांग. चुकलो असेन तर मान हलव, मी परत मांडतो. मला घाई नाही. तुझा होकार आल्याशिवाय माझं उत्तर नाही.

तुझा बाबा
यूनुस

(वरचं सगळं यूनुसचं. तिसऱ्या मुद्द्यापाशी शाईचा डाग पडलाय, तो तेवढा माझा आहे. — नाना)


डोंगरी, मुंबई
१६ डिसेंबर १९६३

नाना, हेही सगळ्यांसमोर वाचा.

बाबा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण तीनदा लिहून तीनदा फाडलं. शेवटी ठरवलं, नियमाप्रमाणेच वागायचं.

पहिल्याला होकार. इंजिनाचं तुम्ही सांगितलंत ते मी वहीत उतरवून ठेवलंय. मला स्वतःला कधी इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्याला होकार. आता तसं वाटत नाही, पण वाटत होतं.

तिसऱ्याला मी मान डोलावली बाबा. तुमचं पत्र हातात धरून, खालाच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. खाला विचारत होती की कुणाला हो म्हणतेस. धक्क्यावर मी रडले नाही, कारण मा म्हणाली होती की तू रडलीस तर बाबांचा पाय निघणार नाही. मला तर तुमचा पाय निघायलाच नको होता. पण रडायचं नाही एवढंच मी ऐकलं आणि लागोपाठ अकरा वर्षं पाळलं. हे मी कुणाशी कधी बोलले नव्हते. तुम्हाला ते कसं कळलं?

तुमची बाजूसुद्धा आता मला ठाऊक आहे. दारात उभे राहून पाणी मागाल ते वाचल्यापासून मी वाद घालायचं विसरूनच गेले. तुम्ही अजूनही म्हणालात की मे महिन्यात ये, तर मी येईन. रडत येईन, पण येईन. तुम्ही मला विचारलंत, आता मला तेवढं पुरेसं आहे.

समारंभ परवा झाला. नानांच्या आठवणी सरांनी वाचून दाखवल्या, टोप्यांच्या आणि डाळीच्या जागी टाळ्या पडल्या. होकाराचा नियम लावला होता. समोरच्या मुलाने माझी बाजू दोनदा मांडली, दोन्ही वेळा मी मान हलवली. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "हिला शिकायचंय, बस, अजून काय पाहिजे?" मी मान डोलावली आणि सभागृह हसून हसून लोळलं. मतं समसमान पडली. सरांनी आपलं मत मुलींच्या बाजूने टाकलं. त्यांच्या मिसेस पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

नाना, त्या भरूचाबाईंचं पुढं काय झालं ते आम्ही शोधतोय. सापडल्या तर तुमचा राग कळवू का?

तुमची
सुरैय्या


बर दुबई
१० जानेवारी १९६४

सुरैय्या बेटी,

बाबाची दुआ.

तुझा होकार पोचला. चाचांनी तो दोनदा वाचला. एकदा सगळ्यांसाठी, आणि मग सगळे गेल्यावर एकदा माझ्यासाठी. आपल्या माणसाला ऐकू आलं नसेल तर परत वाचतात, असं ते म्हणाले. मला ऐकू आलं होतं.

आता माझं उत्तर. तू शीक. दोन वर्षं आहेत ती पुरी कर. मी बोलावलं म्हणून रडत येऊ नकोस. पुढं यायचं असेल तेव्हा आपण दोघं बसून ठरवू, एकट्याने मी नाही आणि एकटीने तू नाही. तुझ्या माला मी वेगळं पत्र सांगितलंय, ती खूश होईल. ती आधीपासून तुझ्याच बाजूला होती, हे तिने मला आता कळवलं.

अलीमियाँशी बोललो. तो म्हणाला, दोस्ती लग्नावर उभी नव्हती. रफिकला मीच विचारलं, बेटा, तुझं काय? तो म्हणाला, "थांबायला माझी हरकत नाही. कान तोपर्यंत एवढेच राहतील." पोरगा बरा आहे. बाकी तुझं तू बघ.

एक गोष्ट राहिली. निकाहसाठी म्हणून लाँचच्या मालकाने मला मे महिन्याची रजा दिली होती. काल त्याने विचारलं, लग्न नाही तर रजा कशाला, परत कर. मी म्हटलं, राहू दे, मला काम आहे. मी येतोय. या वेळी आगबोटीतून उतरून लगेच गावाला जाणार नाही, तुझ्या माला मुंबईलाच बोलावतो. अन्वरीला सांग, जास्त दिवस राहणार आहे, कंटाळायचं नाही.

चाचा म्हणतात मे महिन्यात कॉलेज बंद असतं. असू दे. पायरी तर बाहेरच असते ना? ती मला दाखव. दोघं जरा बसू तिच्यावर.

तुझा बाबा
यूनुस

(एकही शब्द माझा नाही. — नाना)